हिवाळ्यातला गळ

वडिलांची बदली मुल्लानपूरला झाल्यापासून नाताळच्या सुट्टीत आम्ही परवाना काढून भाक्रा धरणाच्या गोविंदसागरावर गळ टाकतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठले की त्याची भूक आणि हालचाल दोन्ही मंदावतात. तो खोलात जातो, कारण तिथले तापमान रात्री फारसे उतरत नाही. म्हणून पहाटे उठण्यात अर्थ नाही (पी.टी. सरांनी रागावू नये!). दुपारी बारा ते तीन, ऊन पडलेल्या उतारावर बसावे. कणकेची गोळी लहान करून तळाशी सोडावी, सारखी हलवू नये. चावा अगदी हलका असतो, बूच जरासे दबले तरी दोरी खेचावी. सोनेरी महासीर लागला तर ओल्या हातांनी गळ सोडवून आम्ही त्याला परत पाण्यात सोडतो. आययूसीएनच्या यादीत ही जात संकटग्रस्त आहे. घरी जेवायला रोहू पुरतो.