पिशवी काढू नकोस

मिरजगाव

चि. सौ. मंगल हिस,


बाजारात तुझी जाऊ भेटली. म्हणाली, साखर कारखाना सुरू व्हायच्या आत तू गर्भाची पिशवी काढून घेणार. फडावर पाळीचा खाडा नको नि पोराची धास्तीही नको. तेव्हापासून घास गोड लागेना. अगं, 26 वर्षांची तू!

मूल नको म्हणून कोणी पिशवी काढतं का? सरकारी दवाखान्यात त्याचे उपाय फुकट मिळतात. माला-एनची गोळी रोज घ्यावी लागते; पहाटे तीनला ऊस तोडायला उठणाऱ्या बाईला ती कुठली आठवायची? अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांनी, पण ते चुकलं की पंचाईत. छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. तांबी मात्र दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. सुरुवातीला अंगावरून जास्त जातं, हे सांगून ठेवते. आणि तुला पांढरं जातंय म्हणे; आधी त्याचं औषध घे, मग तांबी. पांढरं जाण्यावर पिशवी काढणं हे औषध नव्हे!

पोरं पुरे झाली असतील तर जावईबापूंना नसबंदी करायला सांग. टाक्याचीही गरज नसते. लाजायचं काय त्यात?

शेजारच्या बीडमध्ये 2019 साली चौकशी झाली, तेव्हा ऊसतोडीच्या 13,000 हून जास्त बायांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. मुकादमाची उचल फेडायची, खाडा परवडत नाही, म्हणून. मीही त्यांच्यासारखीच. कॅन्सर होईल म्हणून एका डॉक्टरने घाबरवलं, तपासणी कसलीच नाही. पिशवीबरोबर अंडाशयही गेले. तिशीतच अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप उडाली, कंबर धरली. तुझ्या बापाने विचारलं होतं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू का? मी नको म्हणाले. ते अजून सलतं.

रागावले, मनावर घेऊ नकोस. तू काय हौसेने निघाली आहेस होय? दिवसभर मोळ्या वाहून पाळी सोसणं मला ठाऊक आहे.

पण पिशवीला हात लावायच्या आधी माझ्याकडे ये. दोघी मिळून दवाखान्यात जाऊ. तुला बोलायला संकोच वाटला तर मी बोलेन. धाकट्या लेकीलाही घेऊन ये. यंदा तिला माझ्यापाशी ठेव, शाळेत घालते. तिच्यासाठी फ्रॉक शिवून ठेवलाय, माप जरा मोठंच धरलंय.

तुझी,
आत्या