पाणी गावाकडं जातं

मी करमाळा तालुक्यातला. आमचं रान उजनीच्या फुगवट्याला लागून. आयटीआय केलं, तळवड्यात एका वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून लागलो, पुढं चाकणला आलो. मशिनवर पंधरा वर्षं झाली. या पट्ट्यानं मला घर दिलं, मुलीची शाळा इथंच चालू आहे, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण इथल्या नद्या, माळ, पाखरं यांच्याकडं बघायला फार उशिरा शिकलो. जे शिकलो ते लिहून ठेवतो.

१. नाल्यात ओतलेलं कुठंतरी पोचतं

वर्कशॉपात कूलंट बदलायचं काम नव्या पोरांकडं असायचं. मशिनची टाकी उपसायची, बादल्या भरायच्या, मागच्या नाल्यात ओतायच्या. दुधासारखं पांढरं पाणी, वर तेलाचा तवंग, वास नासक्या अंड्याचा. वर्षभर मी ते केलं. सांगितलं म्हणून केलं हे खरं, पण बादली माझ्या हातात होती.

त्या कार्तिकीला आई आळंदीला आली. तिला घेऊन घाटावर गेलो. कडेला फेस साचलेला, त्यातच बायाबापड्या अंघोळी करत होत्या. आईनं हातानं फेस बाजूला सारला, तांब्या बुडवला आणि घरच्यांसाठी तीर्थाची बाटली भरून घेतली. तळवडं आळंदीच्या वरच्या अंगाला. आमचा नाला इंद्रायणीलाच मिळतो. त्या फेसात घराघरांतलं साबणाचं सांडपाणी असतं, कारखान्यांचं रसायन असतं, सगळा दोष माझ्या बादलीचा नव्हता. तरी आईच्या हातातली बाटली मला काढून घेता आली नाही आणि खरं सांगायलाही तोंड उघडलं नाही.

पुढं एकदा नकाशा घेऊन बसलो. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पवना दापोडीला मुळेत, मुळा पुण्यात मुठेला, आणि तीही शेवटी भीमेत. भीमा उजनीत. म्हणजे तळवड्यात ओतलेलं आमच्याच बांधाला जाऊन लागत होतं. उजनीच्या खाली पंढरपूर. पालखी रस्त्यानं जाते, पाणी नदीनं जातं, मुक्काम एकच.

२. कूलंट नासूच द्यायचं नाही

आमची सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी सकाळी मशिन चालू केलं की पहिला भपकारा कूलंटचा. दिवसभर पंप बंद, वर स्लाइडचं तेल सायीसारखं पसरलेलं, खाली हवा जात नाही. हवा तुटली की वास मारणारे जंतू माजतात. म्हणून बुधवारच्या शेवटच्या शिफ्टला तवंग काढायचा, तळात बसलेला बुरा उपसायचा. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून प्रमाण बघायचं, आमच्या कामाला पाच-सहा टक्के लागतं. टाकी कमी झाली की नुसतं पाणी ओतत राहणारा माणूस कूलंटचा जीव घेतो. आमच्या लाइनवर पूर्वी दोन महिन्यांत फेकावं लागायचं, आता आठ-नऊ महिने टिकतं. जे उरतं ते बॅरलमध्ये भरून, नोंद करून रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रावर जातं. माझ्या हातून नदीचं काही भलं झालं असेल, तर ते ही साय काढण्यात झालं.

३. नळाच्या पाण्यामागं माणसं असतात

नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला पाणी एक दिवसाआड. सोसायटीत आरडाओरडा झाला, मीही केला. आमचं पाणी पवना धरणातून नदीत सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलतात. ते बंद जलवाहिनीतून थेट आणायचं ठरलं तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. मी स्वतः धरणग्रस्ताच्या घरचा. उजनीत वडिलांची निम्मी जमीन गेली. आणि तरी नळाखाली बादली लावताना मावळ कधी आठवला नव्हता, याची लाज वाटते. आता आरओचं वाया जाणारं पाणी धरून ठेवतो, फरशी त्यानंच पुसतो. पाइप लावून गाडी धुणाऱ्याला तोंडावर सांगतो. वाईटपणा येतो. येऊ दे.

४. मोकळा प्लॉट मोकळा नसतो

चाकणला डिस्पॅचच्या मागं खडी टाकलेली आहे. एका मार्चमध्ये फोर्कलिफ्टवाला पोरगा सांगत आला, टिटवी अंगावर येते. जाऊन बघितलं तर खडीतल्या खळग्यात चार अंडी, टोकं आत वळवून ठेवलेली. मातकट रंग, काळे डाग; दोन पावलांवरून दिसायची नाहीत. आम्ही भोवती चार सेफ्टी कोन ठेवले, लाल पट्टी ओढली, मालाच्या गाड्या दुसऱ्या बाजूनं घेतल्या. सुपरवायझरही काही बोलले नाहीत. दुपारी ऊन तापलं की टिटवी कँटीनमागच्या डबक्यात पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. जेवायच्या सुट्टीत डबा धरून आम्ही ते बघत उभे राहायचो. चारेक आठवड्यांनी तीन पिल्लं निघाली आणि त्याच दिवशी तुरुतुरु चालायला लागली. चौथं अंडं तसंच राहिलं. एमआयडीसीच्या नकाशावर तो नुसता प्लॉट नंबर आहे; टिटवीला तो माळच वाटतो, कारण तो माळच होता.

५. झाडाला एप्रिलमध्ये पाणी घालणारा हवा

५ जूनला खड्डे सगळेच खणतात. आमच्याकडची करंजं जगली, ती सुट्टीच्या दिवशीही वॉचमनमामा कॅनमधून पाणी घालत राहिले म्हणून. टेल्कोच्या पिंपरी कारखान्याच्या आवारात सुमंत मुळगावकरांनी मशिनइतकंच लक्ष झाडांकडं दिलं, तळं केलं, त्यावर पाखरं येऊ लागली. ती राई त्यांनी साहेब असताना उभी केली. कामगारानंही रोज एक कॅन ओतावा.

६. कंपनीची बस सोडू नये

चाकणच्या तळेगाव चौकात एकेकटा माणूस बसलेल्या गाड्यांची रांग रोज बघतो. बसमध्ये झोप तरी होते.

७. कबूल करायला वेळ लागतो

तीर्थाची ती बाटली गावच्या देवघरात अजून आहे, तळाशी बोटभर गाळ बसलाय. गेल्या दिवाळीत ओसरीवर बसून आईला सगळं सांगितलं. नाल्याचं, बादल्यांचं, त्या दिवशी गप्प बसल्याचं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

“आता वततोस का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग तिथल्या पोरांना सांग,” म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.