एका कौलाची दुरुस्ती

वैशाखाचे ऊन तापू लागले की कोकणात शाकारणीची घाई सुरू होते. मृगापूर्वी कौले उतरवावयाची, झाडून पुन्हा लावावयाची आणि फुटकी बदलावयाची, हा तेथील जुना परिपाठ. अशाच एका घरी माजघराच्या भिंतीवर गतवर्षी ओलीचा डाग उमटला होता. वानराच्या उडीने एखादे कौल फुटले असावे, असा घरातील आजोबांचा तर्क होता. "मेस्त्री, एका कौलाचे काम आहे, जेवणापर्यंत आटपेल," असे म्हणून त्यांनी सुताराला वर चढविले.

पण छपरावर कौल एकटे नसते. १८६५ साली बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे ज्या कौलांचा कारखाना काढला, त्यांची घडणच अशी की एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड बसते. आणलेले कौल निराळ्या कारखान्याचे निघाले. ते जुन्या खाचेत बसेना. मग न्हाणीघरावरील जुनी कौले माजघरावर घालावी आणि न्हाणीघराला सगळी नवी आणावी, असे ठरले. काम वाढले, तरी आजोबा हसलेच.

खरा प्रकार उघडा पडला तो कौले निघाल्यावर. पोफळीची रीप मेस्त्रींच्या हातात भुरभुरली. त्यांनी खालच्या वाशावर हातोडी ठोकली. निकोप लाकूड खणखणते. हा वासा बद्द वाजला. पटाशी टोचताच आतून माती गळली. वाळवीने पापुद्र्याएवढे लाकूड बाहेर ठेवून गाभा फस्त केला होता. वाळवीला उजेड व कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधीत चढते. ती नळी शोधीत गेले, तो फडताळामागून थेट जोत्यापर्यंत पोहोचली. तेथे पागोळ्यांचे पाणी शिंतडून भिंतीचा तळ सदा ओला राहत असे.

"तूर्त कौल बसवून टाका. बाकीचे दिवाळीनंतर पाहू," आजोबा म्हणाले. घरात म्हशीसाठी साठविलेले पैसे तेवढे होते.

मेस्त्री शिडीवरून उतरले. "बसवतो, काका. पण याच वाशाखाली मुले निजतात."

आजोबा बराच वेळ वर पाहत राहिले. मग ते आत गेले आणि पैशांची पिशवी घेऊन आले.

मृगाला बारा दिवस उरले होते. अंथरुणे पडवीत आली. किंजळीचे तीन वासे चढले, त्यांच्या टोकांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडले गेले. जोत्याशी खणून पाणी दूर नेणारा पन्हळ काढला. एका संध्याकाळी वळीव कोसळला, तेव्हा उघड्या पाख्यावर झापे टाकताना सारे घर भिजले. म्हैस त्या वर्षी आली नाही.

मृगाची पहिली सर आली तेव्हा सर्वजण माजघराच्या भिंतीकडे पाहत उभे होते. भिंत कोरडी राहिली. न्हाणीघरात मात्र एक थेंब टपकला.