दस्तऐवजांचा ताळा

जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची शाळेतील नोंद शोधण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेक कुटुंबांवर आलेला आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० हा मानीव दिनांक असल्याने त्यापूर्वीच्या पुराव्याचे मोल फार मोठे आहे. तो पुरावा पुष्कळदा जीर्ण जनरल रजिस्टरमधील एका ओळीतच असतो. म्हणून अशा रजिस्टरांच्या संगणकीय प्रती काढणे अगत्याचे आहे. परंतु काढलेली प्रत वीस वर्षांनीही जशीच्या तशी आहे, हे कशावरून ओळखावे?

हा प्रश्न जुनाच आहे. पन्हाळा ही काही काळ करवीर राज्याची राजधानी होती. मराठी राज्यातील राजपत्रांवर मजकूर संपताच अखेरचा शिक्का उमटवीत, म्हणजे त्याखाली कोणास काही वाढवता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्याच रीतीची आठवण होय.

संगणकातील फाइलींसाठी असे काम एक साधी मजकूर-यादी करते. तिच्या प्रत्येक ओळीत एका फाइलीचे नाव आणि तिचा ‘हॅश’ असतो. काही पद्धतींत आकारमान व दिनांकही नोंदवतात. हॅश म्हणजे फाइलीतील संपूर्ण आशयावर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणारी खूण. गुणाकार तपासताना आपण नवाचा ताळा पाहत असू, त्याचेच हे प्रगत रूप. नवाच्या ताळ्यात अंकांची अदलाबदल लपून जाते. १९४८ आणि १९८४ या दोहोंच्या अंकांची बेरीज २२ च येते. पडताळणीत मात्र या दोन सालांमधील अंतर निर्णायक ठरते. ‘एसएचए-२५६’ पद्धतीत फाइलीत किंचित फरक झाला, तरी ६४ चिन्हांची खूण पूर्णतः निराळी येते.

अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी यांनी घडविलेल्या ‘बॅगइट’ पद्धतीत दस्तऐवज ‘डेटा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात. त्याबाहेर हॅशची यादी असते आणि संग्रह कोणाचा, केव्हाचा, कशाविषयीचा ही माहिती दुसऱ्या मजकूर-फाइलीत लिहिता येते. या पद्धतीचा तपशील २०१८ मध्ये जाहीर पत्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. यादी साध्या मजकुरात असल्याने ती कोणत्याही संगणकावर उघडते, कागदावर छापता येते आणि वाचण्यासाठी कोणतेही सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानी घ्याव्यात. मूळ नोंदच चुकीची असेल, तर हॅश ती सुधारत नाही. बदल झाला एवढेच तो सांगतो. कोणी केला हे सांगत नाही. बिघडलेली फाइल परत मिळविण्यासाठी दुसरी प्रत लागतेच. फाइल बदलणाऱ्याच्या हाती यादीही असेल, तर तो तीही बदलू शकेल. यास्तव यादीची छापील प्रत मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने दप्तरात जपावी, एक प्रत अन्यत्र ठेवावी आणि दरवर्षी एकदा ताळा पाहावा. मूळ रजिस्टर मात्र कधीही निकालात काढू नये.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. आपल्या गावच्या शाळेतील जुन्या रजिस्टरांसाठी अशी यादी सिद्ध करून देणे त्यांना अवघड नाही. शाळेची अनुमती घेऊन हे काम हाती घ्यावे. पडताळणीच्या कार्यालयात उभ्या राहणाऱ्या पुढच्या मुलास त्याचा उपयोग होईल.