फायनलचं तिकीट : एक न सुटलेलं गणित

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे दहावीनंतर एवढं मराठी पहिल्यांदाच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र असा आहे, की तो मला इंग्रजीत लिहिताच आला नसता. कारण ज्या प्रश्नावरून तो सुचला, तो प्रश्न अस्सल वऱ्हाडीत विचारला गेला होता.

माझे आबाजी नांदुऱ्याला राहतात. वय सत्तर. १९७५ च्या जानेवारीत ते कॉलेजात होते. वानखेडे स्टेडियमवरची पहिलीच टेस्ट, समोर वेस्ट इंडिज, क्लाइव्ह लॉईडच्या नाबाद २४२ धावा... हे सगळं त्यांनी रेडिओला कान लावून ऐकलं. तेव्हापासून त्यांची एकच इच्छा, "एक डाव त्या वानखेडेत बसून मोठी मॅच पाह्याची हाय."

२०२३ चा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. १५ नोव्हेंबरची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल वानखेडेवर होती. सेमीफायनल तर सेमीफायनल, आबाजींना न्यायचंच असं मी आणि दादाने ठरवलं. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधीच मी लॅपटॉपसमोर, दादा मोबाईलवर, आई शेजारच्या काकूंच्या मोबाईलवर. स्क्रीनवर आकडा आला, आमच्या पुढे हजारो लोक. आम्ही जेवणही तिथेच केलं. आकडा हळूहळू खाली येत राहिला आणि अचानक 'तिकिटं संपली' असं झळकलं! बरं, मिळालं असतं तरी त्या वर्ल्ड कपला ई-तिकीट चालणार नव्हतं, कागदी तिकीटच हवं होतं. नांदुऱ्याहून मुंबई रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या वर आहे.

आबाजी शांतपणे म्हणाले, "एवढे तिकीटं होते, मंग इकले कोनाले?"

मित्रांनो, हा लेख म्हणजे त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

तिकिटाच्या भांडणातून उभं राहिलेलं स्टेडियम

शोधायला लागल्यावर पहिलाच धक्का बसला. वानखेडे स्टेडियम मुळात उभं राहिलं तेच तिकिटांच्या भांडणातून! मुंबईत आधी टेस्ट मॅच ब्रेबॉर्न स्टेडियमवर होत. ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचं. सामने भरवायचे असोसिएशनने, पण जागा क्लबच्या. त्यामुळे तिकिटं कुणाला किती द्यायची, यावरून दोघांत सारखे खटके उडत. शेवटी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी स्वतःचंच स्टेडियम बांधायचं ठरवलं. हे वानखेडे आपल्या विदर्भाचे, नागपूरकडचे, आणि तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष. आर्किटेक्ट शशी प्रभू यांनी ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर साधारण वर्षभरात ते उभं केलं. सिव्हिलवाल्यांनी नोंद घ्यावी, आपला एक सेमिस्टरचा प्रोजेक्ट वर्षभर रखडतो.

आता पुढे या २०११ मध्ये. वर्ल्ड कपसाठी वानखेडेचं नूतनीकरण झालं आणि क्षमता कमी होऊन साधारण ३३ हजारांवर आली. २ एप्रिलला भारत-श्रीलंका फायनल तिथेच झाली. धोनीचा तो सिक्सर सांगायची गरज नाही. पण त्या फायनलची किती तिकिटं सामान्य लोकांसाठी होती? साधारण ४ हजार! बाकीची असोसिएशनशी संलग्न क्लब, सभासद, आयसीसी, प्रायोजक यांच्यात वाटली गेली. म्हणजे आठ खुर्च्यांमागे एक खुर्ची तुमच्या-आमच्यासाठी. फेब्रुवारीत ऑनलाईन विक्री सुरू झाली आणि गर्दीने संकेतस्थळच बंद पडलं. त्याच आठवड्यात बंगळूरला भारत-इंग्लंड सामन्याच्या तिकिटांसाठी रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांवर पोलिसांनी लाठीमार केला.

जे स्टेडियम तिकिटांच्या वाटपावरून जन्माला आलं, तिथेही प्रश्न शेवटी वाटपाचाच राहिला. फक्त बाहेर उभं राहणारे बदलले.

शेगावची रांग आणि स्टेडियमची रांग

मग मला वाटलं, रांगेचं शास्त्र तर आपण शिकतोच. रांगेची सवयही आपल्याला आहे. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाची रांग कोण विसरेल? गर्दीच्या दिवशी तासन् तास लागतात, पण रांग सरकत असते, सेवेकरी 'माऊली, पुढे चला' म्हणत असतात, आणि प्रत्येकाला खात्री असते की दर्शन होणार.

मग स्टेडियमच्या रांगेतच चिडचिड का होते? उत्तर साधं आहे. दर्शन हा वाहता नळ आहे. एक माणूस पुढे गेला की दुसऱ्याला जागा होते, जितका वेळ थांबाल तितके लोक आत जातील. मॅच म्हणजे भरलेली टाकी. ३३ हजार खुर्च्या म्हणजे ३३ हजार, त्याही एकाच दिवसासाठी. टाकी रिकामी झाल्यावर रांगेत कितीही उभं राहा, उपयोग शून्य. म्हणजे फायनलच्या तिकिटाचा प्रश्न वेगाचा नाहीच. जास्त सर्व्हर लावून तो सुटणार नाही. फार तर 'तिकिटं संपली' हे दोन तासांऐवजी दोन मिनिटांत कळेल.

वाटायच्या चार पद्धती

टाकी ठरलेली आणि तहानलेले जास्त, तर वाटायचं कसं? मला चारच पद्धती सापडल्या.

१) किंमत : मागणी पुरवठ्याएवढी होईपर्यंत दर वाढवत न्यायचा. इकॉनॉमिक्सच्या सरांना ही पद्धत आवडेल. २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपसाठी 'फिफा'ने मागणीप्रमाणे बदलणारे दर लावले, त्यावर जगभरातून टीका झाली. या पद्धतीत काळाबाजार कमी होतो हे खरं, कारण काळाबाजारवाला दोन किमतींच्या मधल्या फटीतच जगतो. तिकिटावर छापलेली किंमत २ हजार आणि लोक द्यायला तयार २० हजार, तर मधले १८ हजार त्याचे. फट बुजवली की तो गेला. पण त्याच्याबरोबर आबाजीही गेले!

त्यात कर वेगळाच. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. हजाराच्या तिकिटावर ४०० रुपये नुसता कर. हॉस्टेलवाल्यांनी हिशोब मेसच्या बिलात करून बघावा.

२) रांग : पैशांऐवजी वेळ मोजायचा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण रात्रभर रांगेत कोण उभं राहू शकतं? जो त्या शहरात राहतो तो. आणि ऑनलाईन रांगेत? ज्याचं नेट चांगलं, ज्याच्या घरात पाच मोबाईल, तो. शिवाय माणसाच्या बोटापेक्षा जोरात क्लिक करणारे प्रोग्रॅमही असतात, हे आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना सांगायला नको.

३) सोडत : चिठ्ठी टाकायची. यात वेळेची घाई नाही, मुंबईकर आणि नांदुरेकर सारखेच. विम्बल्डनला १९२४ पासून अशी सोडत आहे. थोडं गणित करू. समजा ४ हजार तिकिटांसाठी ५ लाख अर्ज आले. एकाला तिकीट मिळण्याची शक्यता ०.८ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण आपल्या वर्गातल्या ६० जणांनी अर्ज केला, तर कुणातरी एकाला मिळण्याची शक्यता

१ − (०.९९२)^६० = ०.३८

म्हणजे ३८ टक्के! (बाकीच्या ५९ जणांनी त्याच्याशी किती दिवस बोलायचं नाही, ते आपापसात ठरवावं.)

४) ओळख : चौथी पद्धत पुस्तकात नाही, पण तीच सगळ्यात मोठी आहे. "साहेबांना सांगून बघतो", "क्लबमध्ये एक जण आहे आपला." २०११ मध्ये आठपैकी सात खुर्च्या याच रस्त्याने किंवा याच्या आजूबाजूच्या रस्त्यांनी भरल्या. याचा अर्थ त्या सगळ्या गैरमार्गाने गेल्या असा नाही. वर्षभर मुलांना खेळवणाऱ्या क्लबांचा हक्क असतोच. पण त्यातलंच एखादं तिकीट पुढे बाजारात येतं. २०२३ च्या त्याच सेमीफायनलच्या वेळी तिकिटांच्या काळ्याबाजारावरून मुंबई पोलिसांनी अटकही केली होती.

आबाजींच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. "मंग इकले कोनाले?" आबाजी, बरीचशी विकायला आलीच नव्हती.

मग करायचं काय?

मला खरं दुःख तिकीट न मिळाल्याचं नव्हतं. ३३ हजार खुर्च्यांत सगळा महाराष्ट्र बसू शकत नाही, हे पहिलीतल्या मुलालाही कळतं. दुःख याचं, की किती तिकिटांसाठी आम्ही तिघं तासन् तास बसलो होतो, हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चारशेसाठी होतो की वीस हजारांसाठी? परीक्षेला बसताना निदान पेपर किती मार्कांचा ते माहीत असतं.

म्हणून मला तीन गोष्टी सुचतात. पहिली, विक्रीच्या आधी आकडा जाहीर करावा : एकूण खुर्च्या किती, क्लबांना किती, प्रायोजकांना किती, लोकांना किती. याला एक रुपया खर्च नाही. दुसरी, मोठ्या सामन्यांना लोकांचा वाटा सोडतीने द्यावा आणि तिकिटावर नाव असावं. तिसरी, ज्याला जाता येत नाही त्याला तिकीट मूळ किमतीत परत करायची सोय असावी. विम्बल्डनला तर लवकर निघणाऱ्या प्रेक्षकाचं तिकीट परत घेऊन ते बाहेर थांबलेल्यांना स्वस्तात विकतात आणि ते पैसे समाजकार्याला देतात. एकाच खुर्चीवर दोन माणसं खूश!

आणि स्वस्त ठेवलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं. २०२५ च्या महिला वर्ल्ड कपची तिकिटं साखळी सामन्यांसाठी १०० रुपयांपासून होती. २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून कप जिंकला, तेव्हा जवळजवळ ४० हजार लोक तिथे होते.

आबाजींची फायनल

आता शेवटचं. आबाजींना मी फायनल दाखवली! वानखेडेवर नाही, नागपूरला जामठ्याच्या स्टेडियमवर. फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये तिथे रणजी ट्रॉफीची फायनल झाली, विदर्भ विरुद्ध केरळ. रात्री मावशीकडे मुक्काम केला आणि १ मार्चच्या शनिवारी सकाळी स्टेडियमवर पोचलो. ना आकडा, ना स्क्रीन, ना कुणाची ओळख. हवी ती खुर्ची! आबाजींनी आधी उन्हातली निवडली, मग सावलीतली, मग साइटस्क्रीनच्या जवळची. तिन्ही ठिकाणी बसून घेतलं. करुण नायरने सेंच्युरी मारली तेव्हा ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी विदर्भाने पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी ट्रॉफी जिंकली, ते आम्ही घरी येऊन टीव्हीवर पाहिलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "आबाजी, आता वानखेडेचं काय?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ते बी पाहू. पन पयले इचारून घेजो, तिकीटं कितीक हायेत म्हनून."

माझ्या वरच्या पूर्ण लेखात जे आहे, ते आबाजींनी एका वाक्यात सांगितलं. फायनलला कुणीतरी बाहेर राहणारच. निदान बाहेर राहणाऱ्याला हिशोब तरी कळायला हवा, एवढंच.