आधी कागदपत्रं, मग मन मोकळं

तालुक्याच्या गावात बँकेच्या मॅनेजरला मनाचा आजार असून चालत नाही. ब्लडप्रेशर चालतं, शुगर चालते, मणक्याचं दुखणं तर मिरवता येतं. पण मनाच्या डॉक्टरांच्या बाकावर बसलेली मॅडम गावाला चालत नाही.

माझी बदली उदगीरला झाली. नवरा आणि मुलगा पुण्यातच राहिले. मार्च क्लोजिंगच्या तोंडावर केबिनमध्ये बसल्याजागी छाती धडधडायला लागली. बोटांना मुंग्या, घसा आवळल्यासारखा, आणि आपण आता मरणार याची खात्री. ईसीजी काढला, नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन ठीक. ‘हे पॅनिक अटॅक आहेत’, फिजिशियन म्हणाले. त्यांनी एक गोळी सुरू केली आणि सोबत थेरपी घ्याच, असं बजावलं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. धडधड, घाम, वजन उतरणं ही लक्षणं थायरॉइडचीही असू शकतात आणि हृदयाचीही. शरीराच्या तपासण्या झाल्याशिवाय कुणीही ‘टेन्शन आहे’ म्हणून थेट समुपदेशनाकडे वळू नये.

मनोविकारतज्ज्ञ लातूरहून ठरलेल्या वारी येत. त्यांच्याकडे गेले असते तर शेजारी माझ्याच शाखेचा पीककर्जदार बसलेला असता. ‘मॅडम, तुमी बी इथं?’ एवढंच विचारलं असतं त्यानं, आणि तेही आपुलकीनं. पण संध्याकाळपर्यंत बातमी मोंढ्यात पोचली असती. म्हणून मोबाइलवर शोधायला लागले.

जाहिरात दिसली त्या ॲपवर नाव नोंदवलं. प्रश्नावली भरली आणि काही मिनिटांत मला एक ‘थेरपिस्ट’ नेमून दिली गेली. मी मराठीत सांगायचे, ती इंग्रजी-हिंदीत उत्तर द्यायची. ‘जीव घाबरा होतो’ म्हटलं की ‘ओके, सो यू फील लो’ असं म्हणायची. जीव घाबरा होणं आणि लो वाटणं यांत मोठं अंतर आहे, हे मी समजावत बसायचे आणि वेळ संपायची. प्रत्येक भेटीच्या शेवटी मोठं पॅकेज आत्ताच घेतलं तर किती सवलत, हे मात्र न चुकता यायचं. पैसे परत मिळणार नाहीत, ही ओळ बारीक अक्षरात होती. अशा ओळी वाचणं हा माझा धंदाच, त्यामुळे मी पॅकेज घेतलं नाही.

मग एके दिवशी ती म्हणाली, ‘गोळ्यांची सवय लागते, तुम्ही त्या बंद करा. आपण श्वासावर काम करू.’ मी फिजिशियनना फोन लावला. ते चिडलेच. म्हणाले, ‘यातल्या काही गोळ्या एकदम थांबवल्या की त्रास उलटून येतो. सांगणारीची पदवी काय?’ मी तिला ते विचारलं. काही आठवड्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स, एवढंच उत्तर आलं. त्या कंपनीशी माझा संबंध तिथे संपला.

आधी केवायसी

आम्ही पीककर्ज देतानासुद्धा सातबारा, आठ-अ आणि सिबिल बघतो. मन ज्याच्या हवाली करायचं, त्याचीही कागदपत्रं बघावीत.

आपल्याकडे सगळ्यांना सरसकट ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. या सगळ्यांत गोळ्या तेच लिहितात, तेच कमी करतात. त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. तपासणी, चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. एम.ए.नंतर मान्यताप्राप्त संस्थेतलं, प्रत्यक्ष रुग्णांसोबतचं एम.फिल. ही त्यांची आतापर्यंतची मुख्य वाट. १९९२च्या कायद्याखाली काम करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंद लागते. सीआरआर क्रमांक मागायचा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव जुळतं का बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरे समुपदेशक. यांत मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं आहेत, आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलीही आहेत. २०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा कायदा आला, पण एक फलक बघून समुपदेशकाची खात्री पटावी अशी व्यवस्था अजून बसलेली नाही. म्हणून इथे विचारपूस जास्त करायची: पदवी कुठली, कोणत्या त्रासावर काम केलंय, अडलेल्या केसबद्दल सल्ला कुणाचा घेता? शेवटच्या प्रश्नाला चांगला समुपदेशक आनंदाने उत्तर देतो, कारण स्वतःच्या कामावर दुसऱ्या जाणकाराची नजर असणं हा त्या व्यवसायाचा शिरस्ता आहे. ‘लाइफ कोच’, ‘हीलर’, ‘माइंड ट्रेनर’ या शब्दांमागे कोणतीही पदवी असावीच असं बंधन नाही.

पदवी जुळली, तरी माणूस जुळायला हवा

ॲप सोडल्यावर ज्या बाई मिळाल्या त्यांची कागदपत्रं चोख होती. स्वभावाने शांत, ऐकणं लक्षपूर्वक. पण त्यांचा सगळा भर माझ्या बालपणावर होता आणि मला सोमवारी कॅश काउंटरमागे उभं राहायचं होतं. मी तसं सांगितलं. सांगताना जीभ जड झाली होती, कारण डॉक्टरला ‘हे नको’ म्हणायची आपल्याला सवय नाही. त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही. ‘तुम्हाला आत्ता सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी लागेल, मी त्यातली नाही’, म्हणाल्या आणि त्यांनीच दोन नावं सुचवली.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: ध्येयाबद्दल एकमत, ते गाठण्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांमधला विश्वास. माझ्या त्या बाईंसोबत तिसरा भाग होता, पहिले दोन नव्हते. ‘माणूस चांगला आहे, मग सोडू कसा?’ अशा पेचात पडलेल्यांनी हे तीन भाग वेगवेगळे तपासावेत. निर्णय सोपा होतो.

पुढे नाशिकच्या मराठी बोलणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर चक्र काढून स्क्रीनसमोर धरलं. धडधड होते, ‘काहीतरी भयंकर होतंय’ असा विचार येतो, भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मुंग्या आणि चक्कर येते, आणि ती बघून भीती आणखी वाढते. मी मरत नव्हते, माझं शरीर खोट्या इशाऱ्याला खरा समजून पळायची तयारी करत होतं. हे ‘जीव घाबरा होणं’ मराठीतच उलगडलं गेलं, म्हणून लगेच पटलं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आयुष्यभर मराठी माणसांपर्यंत पोचवली. मनाच्या कामात आपली भाषा किती लागते, हे त्यांच्या कामाचं महत्त्व बघितलं तरी कळतं.

मग प्रयोग सुरू झाले. खोलीत जागेवरच पळून मुद्दाम धडधड वाढवायची आणि काही न करता ती उतरताना बघायची. पाण्याची बाटली जवळ नसेल तर जीव जातो असं वाटायचं, म्हणून बाटली घरी ठेवून शाखेत जायचं. दाराजवळची खुर्ची सोडायची. विचारांची नोंद वहीत करायची आणि पानाचा फोटो पाठवायचा. ज्या खोलीत रात्री अटॅक यायचा, त्याच खोलीत बाई स्क्रीनवर माझ्यासोबत असायच्या. नाशिकच्या दवाखान्यात हे असं झालं नसतं. पॅनिक, चिंता, नैराश्य यांवर व्हिडिओवरून दिलेली सीबीटी समोरासमोरच्या थेरपीच्या तोडीची ठरल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. मला त्याचं कारण कळल्यासारखं वाटलं.

प्रवास वाचतो, रजा वाचते, गावाच्या नजरा चुकतात, हे ऑनलाइनचे फायदे खरेच. पण मला मोठा वाटला तो निवडीचा. गावात एकच तज्ज्ञ असेल तर पटलं नाही तरी तिथेच जावं लागतं, नाहीतर उपचारच सोडावा लागतो. ऑनलाइनमध्ये आपली भाषा, आपला त्रास आणि आपली ऐपत बघून माणूस शोधता येतो, आणि बदलताही येतो. ॲपने नेमून दिलेल्या पहिल्या माणसापाशीच आपण थांबलो, तर हा फायदा आपणच सोडून देतो.

व्यवहाराच्या गोष्टी

भिंती: माझ्या घरमालकीणबाईंचे कान तिखट. इअरफोन असले तरी आपलं बोलणं बाहेर जातंच. खोलीबाहेर रेडिओ लावून ठेवायचा किंवा पार्क केलेल्या गाडीत बसायचं. घरातलाच माणूस त्रासाचं कारण असेल, तर सेशनची वेळ आणि तातडीने फोन बंद करावा लागला तर वापरायचा खुणेचा शब्द आधी ठरवा.

वीज आणि नेटवर्क: कॉल तुटला तर कोण कुणाला फोन करणार, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. चांगला थेरपिस्ट तुमचा सध्याचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर मागतो. ती चौकशी आगाऊपणाची नसते. अचानक बरंवाईट झालं तर मदत कुठे पाठवायची, हे त्याला माहीत असावं लागतं.

गोपनीयता: मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश असे थोडे अपवाद आहेत, ते थेरपिस्टने सुरुवातीलाच सांगायला हवेत. ॲपची गोष्ट वेगळी. २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीवर ठपका ठेवला की, खाजगी ठेवू म्हणून घेतलेली माहिती तिने जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट अशा कंपन्यांना दिली. तडजोडीत कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. त्यामुळे ॲपच्या प्रश्नावलीत गरजेपुरतंच लिहा, आणि सेशन रेकॉर्ड होतं का, हे विचारा.

पैसे: २०१७चाच कायदा सांगतो की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं. पण बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच कामाला येतात, थेरपीची फी खिशातूनच जाते. एकेका सेशनचे पैसे द्या, पॅकेज नको. फी झेपत नसेल तर तसं स्पष्ट बोला, अनेक जण कमी करतात. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत मनोविकार विभाग असतात. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवा २०१२पासून फोन आणि ईमेलवरून समुपदेशन देते. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

परदेशातल्यांसाठी: माझी चुलतबहीण अमेरिकेत असते. तिथे परवाना राज्यागणिक असतो आणि रुग्ण ज्या राज्यात आहे तिथला परवाना थेरपिस्टकडे सहसा लागतो. भारतातल्या मराठी तज्ज्ञाशी बोलून बरं वाटतं हे खरं, पण गोळ्या आणि तातडीची मदत तिथलीच लागणार. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांशी धागा तोडायचा नाही.

स्क्रीन कधी पुरत नाही

जीव द्यावासा वाटतोय, कानात आवाज येताहेत, दिवसेंदिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड उत्साह आहे, रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडल्यावर थरथर सुटली आहे, बाळंतीण भलतंसलतं बोलते आहे: यांत ऑनलाइन वेळ मिळायची वाट बघू नका. माणसाला एकटं सोडू नका, थेट रुग्णालय गाठा. वाटेत १४४१६ किंवा ११२ लावा. गावाच्या नजरेची भीती मलाही होती. पण नजर चुकवण्याची चैन सौम्य आजारातच करता येते.

बरं होतंय की नाही?

पॅनिकसारख्या त्रासात सीबीटी साधारण १० ते १५ सेशनची असते. चौथ्या-पाचव्या सेशनपर्यंत त्रास संपत नाही, पण काहीतरी हललेलं दिसायला हवं: टाळलेली एखादी गोष्ट परत सुरू झाली, झोप थोडी सुधारली, अटॅक आला तरी काय करायचं ते कळलं. मधल्या काळात एखादं सेशन रडवूनही जातं, तेवढ्यावरून पळू नका. मात्र थेरपिस्ट स्वतःचीच गाऱ्हाणी सांगत असेल, कुंडली किंवा उपासतापास सुचवत असेल, डॉक्टरांच्या गोळीत हात घालत असेल, सेशनबाहेर जवळीक साधू पाहत असेल, तर समजावत बसू नका. बंद करा.

नाशिकच्या बाईंनी शेवटी शेवटी सेशनमधलं अंतर वाढवत नेलं. पुन्हा त्रास झाला तर कोणत्या खुणा दिसतील आणि मी काय करायचं, हे माझ्याकडूनच लिहून घेतलं. पुढचं मार्च क्लोजिंग मी उदगीरलाच केलं. धडधड झाली, आणि उतरली. गोळी फिजिशियननी हळूहळू, त्यांच्या हिशेबाने कमी केली.

कुणी मला विचारलं की थेरपिस्ट निवडताना पहिला प्रश्न कोणता, तर मी हा सांगते: ‘हे संपेल कधी, आणि संपलं हे आपल्याला कळणार कशावरून?’ तारीख कुणीच देणार नाही, आणि जो देईल त्याच्यापासून दूरच राहा. पण कोणत्या खुणांवरून कळेल, हे ज्याला साध्या शब्दांत सांगता येतं, त्याच्याकडे पुढची वेळ घ्यायला हरकत नाही.