व्हॉल्व्ह तपासायचं यंत्र घरी : खर्च किती?

राजोडीतल्या जुन्या घरांत माळ्यावर अजून एखादा व्हॉल्व्हचा रेडिओ सापडतो, बरोबर खोकाभर सुटे व्हॉल्व्हही. त्यातले जिवंत किती, हे कर्व्ह ट्रेसर सांगतो. ग्रिडचा व्होल्टेज बदलला की अॅनोडचा करंट किती बदलतो, त्याच्या वक्ररेषा तो काढून देतो. पण घरात एकच रेडिओ असेल तर या फंदात पडू नका. नवा ईएल८४ हजार-दीड हजारांच्या घरात मिळतो. खोकं भरलेलं असेल तरच पुढे वाचा.

आधी पिना घासा. इथल्या खाऱ्या हवेनं पिनांवर गंज चढतो आणि धडधाकट व्हॉल्व्ह मेलेला वाटतो. हा खर्च पॉलिश पेपरचा.

पैसा जातो लोखंडात. अॅनोडचा व्होल्टेज कमी-जास्त करायला डिमरस्टॅट लागतो. २ अँपिअरचा नवा अडीच-तीन हजार, जुना त्याच्या निम्म्यात. त्यापुढे २५० व्होल्ट, १०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्यायचा, साधारण ११०० रुपये. वाइंडिंगवाला म्हणेल, ‘६.३ व्होल्टही यातच काढून देतो.’ ऐकू नका. डिमरस्टॅट खाली आणला की हीटरही थंडावतो आणि सगळं मोजमाप खोटं ठरतं. हीटरचा ६.३ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर वेगळाच घ्या, साडेतीनशेपर्यंत मिळतो.

ग्रिडला ९ व्होल्टच्या चार-पाच बॅटऱ्या आणि एक पोटेन्शिओमीटर, दोनशे रुपयांत काम भागतं. चिनी मातीची सॉकेटं दीडशे. डायोड, कपॅसिटर अडीचशे. डबा, फ्यूज, स्विच सातशे. दोन मल्टिमीटर नसतील तर आणखी बाराशे. एकूण साडेसहा-सात हजार. हे आकडे अंदाजाचे आहेत, दुकानागणिक शे-दोनशेचा फरक पडतो.

कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे मीटरवरचा १ मिलिव्होल्ट हा थेट १ मिलिअँपिअर. ईएल८४ला अॅनोड आणि स्क्रीनवर २५० व्होल्ट, ग्रिडवर उणे ७.३ दिला की मीटरनं ५३च्या आसपास दाखवायला हवं. त्यात ४८ अॅनोडचे, उरलेले स्क्रीनचे. तीस दाखवला तर व्हॉल्व्ह थकलाय. ग्रिड बदलत आकडे आलेखाच्या कागदावर मांडले की झाली वक्ररेषा. हात दुखतो, पण पैसे वाचतात.

हातानं नको असेल तर नेदरलँड्सच्या रोनाल्ड डेकर यांचा ‘यूट्रेसर’ आहे. तो जेमतेम मिलिसेकंदाचा झटका देऊन मोजतो, त्यामुळे लॅपटॉपच्या अडॅप्टरवर चालतो आणि जड लोखंड लागत नाही. मात्र किटच्या किमतीवर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी चढते, ती आधी हिशोबात धरा.

एका गोष्टीत कंजूषी नको. २५० व्होल्ट एसीचे कपॅसिटरवर साडेतीनशे डीसी होतात, म्हणून कपॅसिटर ४५० व्होल्टचेच घ्या आणि त्यावर १०० किलोओहम, ३ वॅटचा रेझिस्टर आडवा लावा. पाच-दहा रुपयांचा आहे. बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबा, मीटरनं शून्य पाहा, मगच हात घाला.

माल लॅमिंग्टन रोडला. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर आधी द्या, बांधायला दिवस लागतात. परतताना दुपारचीच लोकल पकडा. संध्याकाळच्या विरार गाडीत डिमरस्टॅट मांडीवर घेऊन बसायला जागा कोण देणार? नालासोपाऱ्याला उतरेपर्यंत तो डोक्यावरच धरावा लागेल.